ऑक्युपेशनल थेरपीतले गोरेतर अग्रणी: वर्गात आणि वॉर्डात कसे शिकवावेत, कसे शिकावेत

ऑक्युपेशनल थेरपी (ओटी) म्हणजे रोजच्या कामांतून आणि कृतींतून रुग्णाला सावरायला मदत करणारी उपचारशाखा. तिच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना आपल्या विषयाचा इतिहास विचारला, तर उत्तर घडाघडा येतं. १९१७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावात काही मंडळी जमली आणि अमेरिकेतली ओटीची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. जॉर्ज बार्टन, विल्यम रश डंटन, एलेनॉर क्लार्क स्लेगल ही नावं पाठ असतात. पुढे मेरी रायली यांचं १९६१ चं भाषण, जीन एअर्स यांचं सेन्सरी इंटिग्रेशन (मेंदू संवेदनांची जुळणी कशी करतो, याचा विचार) आणि १९८० पासून गॅरी कीलहॉफनर यांचं ‘मोहो’, म्हणजे ‘मॉडेल ऑफ ह्युमन ऑक्युपेशन’. यात चुकीचं काहीच नाही. पण रायली ज्या स्लेगल व्याख्यानासाठी (स्लेगल यांच्या नावाचं, अमेरिकेतल्या ओटीतलं मानाचं व्याख्यान) उभ्या राहिल्या, तेच व्याख्यान १९६९ साली लेला लॉरेन्स यांनी दिलं. तो मान मिळालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय थेरपिस्ट. त्यांचं नाव मात्र मुलांच्या वहीत क्वचितच सापडतं, आणि सापडलंच तर ‘पहिल्या कृष्णवर्णीय’ या दोन शब्दांपुढे काही लिहिलेलं नसतं.

ही उणीव भरून काढायला एका सत्रातले साधारण सहा आठवडे पुरतात. आठवड्याला एक तास वर्गात आणि बाकीचं काम क्लिनिकल पोस्टिंगच्या वेळातच. मुंबई-नागपूरच्या ओटी कॉलेजांतले शिक्षक, इंटर्नशिप करणारी मुलं आणि अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये ओटीचं पुढचं शिक्षण घेणारे मराठी विद्यार्थी, अशा सगळ्यांना हे करता येईल. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. हे अग्रणी त्यांच्या विचारांतून शिकवायचे, आणि तो विचार पेशंटसमोर वापरून बघायचा. फोटोला हार घालून आणि चरित्राच्या चार ओळी वाचून मुलांच्या हातात काही पडत नाही.

पहिला आठवडा: आपलीच वाचनयादी समोर घ्या

सुरुवात दुसऱ्या कुणापासून करू नका, आपल्या अभ्यासक्रमापासून करा. चालू सत्रात जी पुस्तकं, जे लेख आणि ज्या असेसमेंट वापरायला सांगितल्या आहेत त्या सगळ्यांची एक यादी मुलांकडून करून घ्या. प्रत्येकापुढे चार रकाने: लेखक कोण, कोणत्या देशात आणि कोणत्या साली लिहिलं, कोणत्या माणसांवर काम करून लिहिलं, आणि आपल्या वॉर्डातल्या पेशंटशी ते कुठे जुळत नाही.

इथे एक पथ्य कडक पाळायचं. आडनाव किंवा फोटो बघून लेखकाचा वंश ठरवायचा नाही. लेखकाने स्वतःबद्दल जे सांगितलंय किंवा जे अधिकृतपणे नोंदलेलं आहे तेवढंच लिहायचं, नाहीतर रकाना कोरा ठेवायचा. मुलं उत्साहात अंदाज लिहून मोकळी होतात. तो अंदाज पुसायला लावा, कारण माणसाकडे बघून त्याच्याबद्दल निष्कर्ष काढायची सवय हीच तर आपल्याला मोडायची आहे.

तिसरा रकाना भरताना सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि खरं शिक्षण तिथेच होतं. एखादं प्रमाण कोणत्या मुलांवर बेतलं, ती कुठल्या शहरातली होती, कुठली भाषा बोलत होती, हे मॅन्युअलमध्ये शोधावं लागतं. ज्या टेस्टचा आकडा आपण रोज केसपेपरवर लिहितो तिचं मॅन्युअल आपण कधी उघडलेलंच नाही, हे मुलांच्या तेव्हा लक्षात येतं.

दुसरा आठवडा: माणसं निवडा, पण थोडी

वीस नावांचं पोस्टर करायचा मोह होतो. तो टाळा. वर्गाला तीन माणसं पुरे आहेत आणि प्रत्येक गटाकडे एकच द्या. निवडीची कसोटी अशी: त्या व्यक्तीने असा काही विचार मांडलेला हवा, जो आज दुपारी ओपीडीत वापरता येईल. त्या कसोटीवर मी ही तीन नावं सुचवेन.

लेला लॉरेन्स, अमेरिका. मुलांच्या वाढीचा आणि ओटीचा संबंध त्यांनी नीट सूत्रात बांधला.

मायकेल इवामा, जपानी-कॅनेडियन. जपानमधल्या थेरपिस्टांबरोबर काम करून त्यांनी ‘कावा’ (जपानी भाषेत नदी) मॉडेल उभं केलं. त्यावरचं पुस्तक २००६ मध्ये आलं.

एलेलवानी रामुगोंडो, दक्षिण आफ्रिका, केपटाऊन विद्यापीठ. रोजच्या कृतींमधून सत्ता कशी टिकून राहते हे दाखवणारी ‘ऑक्युपेशनल कॉन्शसनेस’ (आपल्या रोजच्या कृतींबद्दलची जाणीव) ही संकल्पना त्यांची.

या तिघांबरोबर एक गोष्ट जोडून शिकवायला हवी, ती म्हणजे संघटना. अमेरिकेत कृष्णवर्णीय ओटींनी १९७४ मध्ये स्वतःचा नॅशनल ब्लॅक ऑक्युपेशनल थेरपी कॉकस (कॉकस म्हणजे गट) उभा केला. २०१४ मध्ये ‘कोटॅड’ नावाची, व्यवसायातल्या विविधतेसाठी काम करणारी आघाडी सुरू झाली. हॉवर्ड, फ्लोरिडा ए अँड एम, टेनेसी स्टेट, विन्स्टन-सेलम स्टेट अशा मुळात कृष्णवर्णीयांसाठी निघालेल्या विद्यापीठांनी ओटीचे विद्यार्थी घडवले. तेव्हा प्रत्येक गटाने आपल्या अग्रणीबद्दल हेही शोधायचं: त्यांना कुणी शिकवलं, त्यांच्याबरोबर कोण होतं, त्यांच्या हाताखाली कोण तयार झालं? एकट्या माणसाने सगळं केलं अशा थाटात कुणाची गोष्ट सांगू द्यायची नाही.

तिसरा आठवडा: लॉरेन्स, आणि एक मोठा चार्टपेपर

आधी काळ समजून घ्या. लॉरेन्स यांनी वेस्टर्न मिशिगनमधून ओटीची पदवी घेतली ती १९५३ मध्ये. शाळांमधला वंशभेद घटनाबाह्य ठरवणारा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा ब्राउन खटल्याचा निकाल लागला १९५४ मध्ये. म्हणजे देशाच्या कायद्याने गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवायच्या आधीच ही मुलगी पदवी घेऊन कामाला लागली होती. डेट्रॉइटच्या लाफायेट क्लिनिकमध्ये त्यांनी भावनिक आणि वर्तनाच्या अडचणी असलेल्या मुलांबरोबर काम केलं, आणि १९६७ मध्ये मानसशास्त्रज्ञ एली रुबिन यांच्याबरोबर त्या कामावर पुस्तक लिहिलं. १९६९ चं व्याख्यान या अनुभवाच्या जमिनीवर उभं आहे. पुढे फ्लोरिडा विद्यापीठात आणि सॅन होजे स्टेटमध्ये त्यांनी अनेक वर्षं शिकवलं.

आता विचार. त्या व्याख्यानात दहा गृहीतकं आहेत. वर्गात दहाही वाचा, पण गाभा असा. माणूस एकाच वेळी दोन दिशांनी वाढत असतो. एका ठराविक वयात शरीर, मेंदू-मज्जासंस्था, मन, भाषा, रोजची कामं, समाजातलं वागणं या सगळ्या अंगांनी तो एकदम वाढतो, ही आडवी वाढ. आणि यातलं प्रत्येक अंग जन्मापासून पायरी-पायरीने पुढे सरकतं, ही उभी वाढ. आजार, इजा, वातावरणातली कमतरता किंवा मनाचा आघात यांमुळे ही वाढ मध्येच खुंटते. मग त्या वयात जे जमायला हवं आणि प्रत्यक्षात जे जमतं यात अंतर पडतं. ओटीचं काम म्हणजे योग्य कृती आणि योग्य नातं यांच्या आधारे ते अंतर भरून काढणं. आणि शेवटचं गृहीतक मला सगळ्यात मोलाचं वाटतं: अंतर पडायच्या आधीच योग्य अनुभव देऊन ते टाळणंही ओटीला शक्य आहे.

हे समजावून सांगून संपवू नका, करून घ्या. भिंतीवर एक मोठा चार्टपेपर लावा. डावीकडे खालून वर वयं लिहा: जन्म, एक, दोन, तीन, पाच, सात. वरच्या बाजूला अंगांचे रकाने आखा. मग एक केस घ्या. समजा, सात वर्षांचा मुलगा आहे, स्पास्टिक डायप्लेजिया (मुख्यतः पायांचे स्नायू ताठर), दुसरीत शिकतो, आई कडेवर घेऊन शाळेत सोडते. मुलांनी आधी पेन्सिलीने प्रत्येक रकान्यात तो मुलगा आज कुठे आहे तिथे खूण करायची. बोलणं सात वर्षांचं. गणित सहाचं. शर्टाची बटणं तीन वर्षांची, कारण सकाळी घाईच्या वेळात आई लावून देते. आणि बरोबरीच्या मुलांशी खेळण्याचा रकाना जवळजवळ रिकामा, कारण हा मुलगा कधी जमिनीवर बसून कुणाबरोबर खेळलेलाच नाही. तो एकतर कडेवर असतो किंवा खुर्चीत.

खुणा रेषेने जोडल्या की कागदावर वर-खाली जाणारी एक वाकडी रेघ उमटते. ही रेघ बघून पहिल्या झटक्यात ‘हाताची ताकद वाढवायला हवी’ म्हणणारी मुलं गप्प होतात. कारण सगळ्यात खोल दरी ताकदीच्या रकान्यात नसते, खेळाच्या रकान्यात असते. मग विचारा: खेळ आणि बटणं ही दोन्ही अंतरं एकदम भरून काढणारी कोणती कृती सुचते? सागरगोटे हे उत्तर वर्गात येईपर्यंत थांबा. जमिनीवर बसायचं, एका हाताने तोल सांभाळायचा, दुसऱ्याने उडवायचे, झेलायचे, आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. बसण्यासाठी छोट्या स्टुलाचा किंवा भिंतीचा आधार कसा द्यायचा, सागरगोट्यांऐवजी आधी कापडी पिशव्या वापरायच्या का, कोणत्या दोन शेजारच्या मुलांना बोलवायचं, हे सगळं गटाने लिहून काढायचं. शाळेच्या शर्टाची वरची दोनच बटणं आधी, बाकीची आईने, तीही रविवारी, जेव्हा घाई नसते.

हा एक तास संपला की लॉरेन्स मुलांच्या लक्षात राहतात. त्या कृष्णवर्णीय होत्या हेही राहतं, पण त्याआधी त्यांचा आडवा-उभा तक्ता राहतो.

चौथा आठवडा: कावा, पेशंटच्या खाटेशेजारी

इवामांचा मुद्दा थोडक्यात असा. पाश्चात्त्य मॉडेलांमध्ये व्यक्ती मधोमध असते, वातावरण तिच्याभोवती असतं, आणि स्वावलंबन हे सर्वोच्च ध्येय असतं. जपानमध्ये स्वतःला असं वेगळं, मधोमध ठेवून बघायची रीत नाही. मग तिथल्या माणसाला त्याचं आयुष्य मांडायला उपयोगी पडेल असं काय? त्यातून नदीचं रूपक आलं. पाणी म्हणजे आयुष्याचा ओघ. काठ आणि तळ म्हणजे घर, माणसं, परिसर. खडक म्हणजे अडचणी. वाहत आलेली लाकडं म्हणजे स्वभाव, कौशल्य, पैसा, जे कधी मदत करतं, कधी अडकून बसतं. आणि या सगळ्यांमधल्या फटी, जिथून पाणी अजूनही वाहतंय, तिथे थेरपिस्टने काम करायचं.

वॉर्डात करून बघायची रीत अशी ठेवा:

आधी मुलांनी आपापली नदी काढायची, एकमेकांना न दाखवता. स्वतः केल्याशिवाय पेशंटला सांगायचं नाही.

मग एकच पेशंट निवडा. त्याची तब्येत स्थिर हवी, बोलायला वेळ हवा, इच्छा हवी. नातेवाईक हवेत की नकोत हे त्यालाच विचारा.

कोरा कागद आणि जाड स्केचपेन द्या. हात चालत नसेल तर तो सांगेल तसं तुम्ही काढा, किंवा ट्रेमध्ये खडे, काड्या आणि निळ्या कापडाची पट्टी ठेवा आणि त्याला मांडू द्या.

‘खडक म्हणजे प्रॉब्लेम’ असं आधीच सांगून टाकू नका. ‘ही तुमची नदी समजा. कुठे अडतंय?’ एवढंच विचारा. नावं त्याला देऊ द्या.

शेवटी फटीकडे बोट दाखवून विचारा: ‘इथून थोडं पाणी जातंय असं वाटतं का?’ थेरपीचं पहिलं ध्येय बहुतेक वेळा इथेच सापडतं.

यात एक धोका आहे, आणि तो शिक्षकाने आधीच सांगायला हवा. नदी हे चित्र सगळ्यांना सारखं नसतं. माण किंवा जतच्या पेशंटसाठी नदी बरेच महिने कोरडीच असते. तिथे आटलेलं पाणी दुबळेपणाचं चिन्ह समजाल तर फसाल. त्याला विहीर किंवा शेत जास्त जवळचं वाटेल, तर तेच घ्या. चौकट माणसासाठी बदलणं कावाच्या मूळ विचाराला धरूनच आहे. दुसरी गोष्ट आणखी नाजूक. पाणी आपल्याकडे तटस्थ नाही. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला, तो सार्वजनिक पाण्याला हात लावण्याच्या हक्कासाठी. ज्यांच्या घरात त्या अपमानाच्या आठवणी पिढ्यानपिढ्या आहेत, त्यांच्या नदीत ‘काठ’ काय असतील याचा अंदाज करू नका. विचारा, ऐका, आणि पेशंट गप्प राहिला तर विषय तिथेच सोडा. जपानमधून आलेलं चांगलं मॉडेलही महाराष्ट्रात आणताना डोळे उघडे ठेवावे लागतात. इवामांनी पाश्चात्त्य मॉडेलांबद्दल जो प्रश्न विचारला, तोच आपण त्यांच्या मॉडेललाही विचारायचा.

पाचवा आठवडा: रामुगोंडो, आणि वॉर्डातला एक दिवस

रामुगोंडो यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या एका कुटुंबाच्या पिढ्यांमधल्या खेळाचा अभ्यास केला आणि २०१२ मध्ये त्यावर लेख लिहिला. ‘ऑक्युपेशनल कॉन्शसनेस’ ही कल्पना तिथे मांडली गेली आणि २०१५ च्या लेखात ती आणखी स्पष्ट झाली. साध्या मराठीत सांगायचं तर, वरचढ लोकांची सत्ता मोठ्या घोषणांनी टिकत नाही. सगळे रोज ज्या छोट्या-छोट्या गोष्टी करत राहतात त्यांनी टिकते. त्या कृतींकडे जागेपणी बघणं आणि गरज पडेल तिथे वेगळं वागणं, हे आरोग्याशी जोडलेलं काम आहे. वर्णभेदातून गेलेल्या देशातून हा विचार आला, हे मुलांना नीट सांगा. आणि त्याला ‘आपली जातव्यवस्था म्हणजे त्यांचा वर्णभेद’ असं सरळ समीकरण जोडू नका. दोन्हींचे इतिहास वेगळे आहेत. मात्र रोजच्या कृतींकडे बघायची ती दृष्टी इथेही उपयोगी पडते.

या आठवड्याचा गृहपाठ सोपा आहे आणि फार बोलका. एका दिवसात ओटी विभागातून पेशंटच्या हातात जेवढे कागद जातात त्या सगळ्यांची एकेक कोरी प्रत जमवा. होम प्रोग्रॅमची (घरी करायच्या व्यायामांची) पानं, अपॉइंटमेंट कार्ड, स्प्लिंट (हाता-पायाला आधार देणारी पट्टी) वापरायच्या सूचना. प्रत्येकावर लिहा: भाषा कोणती, चित्रं आहेत का, चित्रातला माणूस काय करतोय. चित्रातली बाई सोफ्यावर बसून काट्याने खात असेल तर तिथे थांबा.

त्याच दिवशी एक स्ट्रोक पेशंट घ्या आणि बार्थेल इंडेक्स भरा. रोजची कामं पेशंटला स्वतः किती जमतात हे शंभर गुणांत मोजणारी ही प्रश्नावली १९६५ मध्ये अमेरिकेतून आली आणि आज आपल्याकडेही ती सर्रास वापरतात. तिच्या जेवणाच्या भागात मदत लागण्याचं उदाहरण दिलंय ते अन्न कापायला आणि लोणी लावायला मदत लागते असं. आता पेशंटला जेवताना बघा. एका हाताने भाकरी मोडता येते का? ताट सरकत असेल तर खाली ओला नॅपकिन ठेवून ते थांबतं का? कालवण आणि भाकरी एकाच हाताने एकत्र कशी उचलतो? पालथी मांडी घालून बसता येतं का, आणि नसेल तर टेबल-खुर्ची त्या घरात आहे का? साडी नेसणं, लेंग्याची नाडी बांधणं, उकिडवं बसून शौचाला जाणं, उठताना भिंतीला धरणं, पीठ मळणं, यातलं काय त्या शंभर गुणांत आलं आणि काय नाही? बार्थेल फेकून द्या असं कुणी म्हणत नाही. डिस्चार्जच्या वेळी तुलना करायला, दुसऱ्या रुग्णालयाशी बोलायला तो आकडा लागतो. पण आकड्याच्या खाली भाकरीची एक ओळ लिहायला कुणी अडवलेलं नाही. ती ओळ केसपेपरवर लिहायला मुलांना शिकवा. माझ्या मते सबंध सहा आठवड्यांत याहून महत्त्वाचं काही घडत नाही.

शेवटी गटाने एक कागद निवडून तो पुन्हा लिहायचा. मराठीत, पेशंट बोलतो तशा वाक्यांत, नव्या चित्रांसह. तो विभागप्रमुखांना दाखवायचा, आणि दोन पेशंटना वाचून दाखवून त्यांनी अडलेले शब्द बदलायचे.

सहावा आठवडा: आपल्या घरचा इतिहास, तोंडी

परदेशातल्या अग्रणींवर एवढं बोलल्यावर वर्गातून प्रश्न येतोच: आपलं काय? तो यावाच.

भारतातली ओटीची पहिली शाळा १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाली, कमला निंबकर यांच्या पुढाकाराने. फलटणच्या कमला निंबकर बालभवनमुळे हे नाव मराठी वाचकांना ओळखीचं असतं, पण त्या ओटीच्या क्षेत्रातल्या, हे अनेकांना ठाऊक नसतं. त्या जन्माने अमेरिकन, माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी. लग्नानंतर इथल्याच झाल्या आणि आयुष्यभर अपंगांच्या पुनर्वसनाचं काम केलं. १९५२ मध्ये ओटींची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, आणि त्याच वर्षी ओटींचा जागतिक महासंघ सुरू झाला तेव्हा त्याच्या दहा संस्थापक सदस्य देशांत भारत होता. स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झालेल्या देशाच्या दृष्टीने ही अभिमानाची गोष्ट आहे, आणि ती परदेशातल्या वर्गात मराठी विद्यार्थ्याने ठासून सांगावी.

पण इथेही तोच प्रश्न विचारायचा. निंबकरांचं नाव राहिलं, राहायलाच हवं. त्यांच्यापुढे बाकावर बसलेल्या सुरुवातीच्या तुकड्यांतल्या मुलामुलींचं काय? पोलिओ, कुष्ठरोग, अपघात यांच्या वॉर्डांत अमेरिकन पुस्तकातली कृती बाजूला ठेवून त्यांनी कोणती इथली कृती हाताशी घेतली? विणकाम, बांबूकाम, चरखा? हे बरंचसं निवृत्त थेरपिस्टांच्या आठवणीत आहे. ते लिहून घ्यायची वेळ आहे ती आत्ता.

प्रत्येक गटाने एका ज्येष्ठ थेरपिस्टशी बोलायचं. आपल्या कॉलेजच्या जुन्या शिक्षिका, मोठ्या सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेले सर, जिल्ह्याच्या ठिकाणी एकटीने विभाग चालवलेल्या मॅडम. परदेशात गेलेले असतील तर व्हिडिओ कॉल चालेल. फक्त प्रमुख झालेल्यांकडे जाऊ नका. जात, गाव, भाषा, बाई असणं यांमुळे ज्यांना या व्यवसायात वाट काढावी लागली, त्यांच्याकडेही जा. पण ‘तुमची जात कोणती’ हा प्रश्न मुलांनी विचारायचा नाही. त्यांना सांगायचं असेल तर ते सांगतील.

तयारीत या गोष्टी विसरू नका. आधी फोन करून हेतू सांगा आणि मराठीत लिहिलेलं संमतीपत्र पाठवा. रेकॉर्डिंग कुठे ठेवणार, कोण ऐकणार, नंतर एखादा भाग काढून टाकायला सांगता येईल का, हे त्यात स्पष्ट हवं. रेकॉर्डिंग दोन फोनवर करा, दोन्ही एअरप्लेन मोडवर. जुना बॅचचा फोटो मागा, आणि मूळ फोटोला धक्का न लावता त्याचा फोटो काढून सगळ्यांची नावं डावीकडून उजवीकडे वहीत लिहून घ्या. हे काम त्यांच्यासमोरच करा. नंतर कुणी सांगणारं उरत नाही.

प्रश्न मोजकेच न्या:

तुम्ही या विषयाकडे कशा वळलात? घरच्यांना काय वाटलं?

पहिला विभाग कसा होता? त्यात कोणत्या वस्तू होत्या?

पुस्तकात होतं पण इथे चाललं नाही, असं काय? मग तुम्ही काय केलंत?

कुणाकडून शिकलात, ज्यांचं नाव आज कुणी घेत नाही?

कुठे दार बंद मिळालं? कुणी उघडलं?

चौथा प्रश्न विचारून झाल्यावर घाई करू नका. तिथे माणसं बराच वेळ आठवत बसतात. बोलण्यात पेशंटची नावं आली तर लिहून काढताना ती गाळा. लिहिलेलं सगळं त्या व्यक्तीला परत दाखवा, आणि त्यांनी होकार दिल्यावरच पुढे द्या.

गुण कशाचे द्यायचे

पन्नासपैकी वीस गुण एका खऱ्या पेशंटवर त्या अग्रणीचा विचार वापरल्याचे: तक्ता, नदी किंवा बदललेला कागद, आणि त्यातून ठरलेलं एक ध्येय. पंधरा मुलाखतीचे. दहा वाचनयादीच्या तपासणीचे. सादरीकरणाला पाच, त्याहून जास्त देऊ नका. रंगीत पोस्टरला गुण ठेवले की सगळी रात्र पोस्टरवर जाते. क्लिनिकल तासांचा प्रश्न येतो, तोही सोडवता येतो. जागतिक महासंघाच्या किमान निकषांत एक हजार तासांचं प्रत्यक्ष काम आहे. वरचं बहुतेक सगळं त्याच वेळात, पेशंटबरोबरच होतं, वेगळा वेळ काढावा लागत नाही.

परदेशात शिकणाऱ्यांसाठी

अमेरिकेतल्या ओटीच्या वर्गात अजूनही बहुसंख्य मुलं गोरी असतात. तिथे फेब्रुवारी हा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना. त्यात एखादी स्लाइड दाखवतात आणि विषय पुढच्या फेब्रुवारीपर्यंत मिटतो. तुम्ही गट-प्रकल्पात असाल तर लॉरेन्स यांचं नाव फेब्रुवारीत मांडू नका. बालरोग विषयाच्या केसमध्ये मांडा, बाकीच्या सिद्धांतांच्या रांगेत. त्याला शिक्षक नाही म्हणू शकत नाहीत, कारण तो विषयाचाच भाग आहे.

दुसरी अडचण वेगळी. ‘भारतीय संस्कृती’ सांगायला दरवेळी तुम्हालाच उभं करतील. एकदा सांगा, आनंदाने सांगा. पण नंतर स्पष्ट म्हणा की मी मुंबईच्या एका घरातली आहे, सगळ्या भारताची नाही, आणि पेशंटला विचारण्याची पद्धतच आपण सगळ्यांनी शिकायला हवी. कृष्णवर्णीय वर्गमित्राला त्याच्या समाजाचा प्रवक्ता करताना कुणी दिसलं तर तिथेही हेच बोला. कॉलेजात कोटॅडची विद्यार्थी शाखा असेल तर तिच्या सभेला जा, आणि पहिल्या सभेत फक्त ऐका.

जमलेलं कुठे ठेवायचं

सहा आठवड्यांनंतर हातात असतात चार्टपेपर, नद्या, नव्याने लिहिलेले कागद आणि मुलाखती. नद्यांवर पेशंटचं नाव असेल तर कागद पेशंटलाच परत द्या. विभागात फक्त निनावी प्रत ठेवा, तीही परवानगी मिळाली तरच. मुलाखतींचा लिखित मजकूर, संमतीपत्रासह, विभागाच्या ग्रंथालयात एका फाइलमध्ये लावा. फाइलच्या पाठीवर वर्ष लिहा आणि पहिल्या पानावर यादी ठेवा: कुणाशी बोललो, कुणाशी बोलायचं राहिलं. पुढच्या तुकडीने दुसऱ्या यादीपासून सुरुवात करायची.